विज्ञानकथेचं माध्यमांतर आधी कानांनी पारखावं

लेखक: मंद्रसप्तक

(रहस्यभेदाचा इशारा: 'ड्यून', 'अरायव्हल' आणि '२००१' यांतलं बरंच काही खाली उघड केलंय.)

एखादी विज्ञानकथा पडद्यावर आली की आपल्याकडे चर्चा एकाच वाटेने जाते. काय गाळलं, काय बदललं, कुठल्या पात्राची वाट लावली. मीही त्या चर्चांत हिरीरीने उतरतो आणि उतरत राहीन. पण गेली काही वर्षं हीच माध्यमांतरं पुन्हा पुन्हा बघताना एक मत पक्कं होत गेलंय. ते सविस्तर मांडायला हा धागा.

विज्ञानकथेत घटनांपेक्षा विचार जास्त असतो. एखादं पात्र खोलीत शिरतं आणि समोरच्याचा डाव, त्या ग्रहावरची पाण्याची टंचाई, स्वतःच्या मनातली भीती असं सगळं लेखक दोन परिच्छेदांत आपल्यापुढे ठेवतो. कॅमेऱ्याला यातलं काही दिसत नाही. मग त्या दोन परिच्छेदांचं करायचं काय? निवेदन घाला, संवादांत कोंबा, नाहीतर सरळ सोडून द्या. किंवा मग ते आवाजाकडे सोपवा. पार्श्वसंगीत, साउंड डिझाइन आणि मुद्दाम राखलेली शांतता हे सगळं मी त्यात धरतो. मनात घर करून राहिलेली माध्यमांतरं आठवली, तर माझ्या यादीतली जवळजवळ सगळी या शेवटच्या वाटेने गेलेली निघतात.

'ड्यून' घ्या. फ्रँक हर्बर्टची कादंबरी १९६५ ची. तिच्यात माणसं बोलतात एक आणि मनात म्हणतात दुसरंच. आराकीन शहरातल्या मेजवानीचं प्रकरण आठवा. ज्या ग्रहावर थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतात, तिथे पाहुण्यांनी हात बुडवून पाणी जमिनीवर सांडायचं आणि हात पुसलेले पंचे नंतर दाराशी जमलेल्या भिकाऱ्यांसाठी पिळायचे, ही त्या वाड्याची जुनी रीत. ग्रहाचा नवा राज्यकर्ता ड्यूक लेटो ती तिथल्या तिथे बंद करतो. पुढे जेवण चालू असताना प्रत्येक वाक्यागणिक कुणाच्या तरी डोक्यात हिशेब चाललेला. कादंबरीतलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण हे, आणि ते डेव्हिड लिंचच्या १९८४ च्या सिनेमात नाही, डनी व्हिलनव्हच्या २०२१ च्या सिनेमातही नाही.

पण तो विचार दोघांनाही कुठेतरी ठेवायचा होताच. लिंचने मनातलं बोलणं कुजबुजत ऐकवलं. त्यामुळे झालं असं की चेहरा जे सांगून मोकळा झालाय तेच कुजबूज परत सांगते, आणि टोटो या रॉक बँडचं संगीत वरून स्वतःचा निराळाच थाट घेऊन येतं. (ब्रायन ईनोने दिलेली 'प्रॉफेसी थीम' तेवढी आजही अंगावर काटा आणते.)

व्हिलनव्हचा सिनेमा सुरू होतो तो स्टुडिओचं बोधचिन्ह दिसायच्याही आधी. पडदा काळा, आणि घशाच्या तळातून खरवडून काढल्यासारखा एक आवाज अनोळखी भाषेत स्वप्नांबद्दल एक वाक्य बोलतो. चित्र एकही नाही, तरी आपण कुठल्या जगात आलोय ते कळलेलं असतं. मग न्याहारीचा प्रसंग. जेसिका मुलाला म्हणते, पाण्याचा पेला हवा असेल तर 'व्हॉइस' वापरून माग. कादंबरीत हा हुकमी स्वर म्हणजे बेने गेसेरिट या पंथाच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेली विद्या, आणि त्यामागे पूर्वजांच्या स्मृतींचं अख्खं तत्त्वज्ञान. सिनेमात त्याची व्याख्या कुणी करत नाही. पॉल बोलायच्या आधी आजूबाजूचा आवाज क्षणभर शोषला जातो आणि मग त्याच्या आवाजात म्हाताऱ्या बायकांचे आवाज मिसळलेले ऐकू येतात. पोराच्या तोंडून आज्या-पणज्या बोलतायत! हर्बर्टची कितीतरी पानं तिथे काही सेकंदांत आली. मार्क मँगिनी आणि थिओ ग्रीन यांच्या चमूचं हे काम. २०२२ च्या सोहळ्यात 'ड्यून'ला जी सहा ऑस्कर मिळाली त्यांत ध्वनीचं एक आणि हान्स झिमरच्या संगीताचं एक होतं, आणि दोन्ही मला सर्वस्वी रास्त वाटतात.

आता 'अरायव्हल'. माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.

टेड चँगची मूळ कथा १९९८ ची, 'स्टोरी ऑफ युवर लाइफ'. भाषाशास्त्रज्ञ लुईस आपल्या मुलीशी बोलते आहे, पण भविष्यकाळात. तू अमुक वयाची होशील तेव्हा असं म्हणशील, आपण तसं भांडू. आणि हळूहळू कळतं की या मुलीचा मृत्यूही लुईसला ठाऊक आहे आणि मुलगी अजून जन्मालाच यायची आहे. परग्रहवासीयांची लिपी शिकता शिकता तिला सगळा काळ एकदम दिसायला लागलाय. कथेचा कणा म्हणजे क्रियापदांचा काळ. सिनेमाची पंचाईत अशी की पडद्यावर क्रियापद नसतं. दृश्य नेहमी 'आत्ता'च घडतं.

मग केलं काय? सिनेमाच्या सुरुवातीला मुलीचं जन्मणं, वाढणं, दवाखाना, हे सगळं मॅक्स रिक्टरच्या 'ऑन द नेचर ऑफ डेलाइट' या तंतुवाद्यांच्या रचनेवर येतं. आपण ते भूतकाळ म्हणून ऐकतो. दुःख होऊन गेलेलं आहे, बाई त्यातून सावरते आहे, अशी समजूत करून घेतो. शेवटी तीच रचना परत सुरू होते. स्वर तेच, पण आता आपल्याला माहीत आहे की हे सगळं पुढे यायचं आहे आणि लुईस ते जाणूनबुजून स्वीकारते आहे. भविष्यकाळाचं क्रियापद सिनेमाने संगीतात शोधलं. या आधीच प्रसिद्ध असलेल्या रचनेमुळे योहान योहानसनचं मूळ संगीत ऑस्करच्या स्पर्धेतून बाद झालं, याचं मला फार वाईट वाटतं. हेप्टापॉडच्या, म्हणजे त्या परग्रहवासीयांच्या, प्रसंगांत त्याने माणसांच्या गळ्यातले सुटे उच्चार एकावर एक चढवले आहेत, तसं काम क्वचित ऐकायला मिळतं. पण रिक्टरची रचना ठेवण्याचा निर्णय सिनेमासाठी शंभर टक्के बरोबर होता, हेही तितकंच खरं.

'२००१: अ स्पेस ओडिसी'बद्दल थोडक्यात. क्लार्कची कादंबरी आणि कुब्रिकचा सिनेमा दोन्ही १९६८ चे, बरोबरीने घडलेले. कादंबरी तो काळा शिलाखंड कोणी ठेवला, कशासाठी ठेवला, सगळं नीट सांगते. सिनेमा काहीच सांगत नाही, शिळा दिसली की लिगेटीच्या 'रेक्विएम'मधला तो गळ्यांचा कल्लोळ ऐकवतो. ॲलेक्स नॉर्थने या सिनेमासाठी संगीत लिहून ध्वनिमुद्रितही केलं होतं. ते वापरलेलंच नाही हे त्याला सिनेमा बघताना कळलं. माणूस म्हणून हे वाचवत नाही. पण नॉर्थचं संगीत पुढे १९९३ मध्ये जेरी गोल्डस्मिथने ध्वनिमुद्रित केलं, ते ऐका. उत्तम आहे, आणि तरीही ते प्रसंगाला अर्थ लावून देतं. लिगेटी लावून देत नाही. क्लार्कचं स्पष्टीकरण काढून टाकायचं असेल तर स्पष्टीकरण न देणारं संगीतच हवं होतं.

तर असं. तुमचे अनुभव, उदाहरणं, विरोध, सगळं येऊ द्या.

——

प्रतिसाद: अवकाशवेडी

धागा आवडला, 'अरायव्हल'चं विश्लेषण तर फारच. पण सगळ्याच विज्ञानकथांना ही पट्टी लागेल असं वाटत नाही. 'फाउंडेशन' बघा. असिमोव्हच्या त्या कथा १९४२ पासून मासिकात आल्या आणि १९५१ ला पुस्तक झालं. त्यांत माणसं खोलीत बसून बोलतात. युद्ध बाहेर कुठेतरी होतं, आणि पुढच्या कथेत पन्नास वर्षं उलटलेली असतात. या कोरडेपणातच त्यांची सगळी मजा आहे. तिथे आवाज काय करणार?

२०२१ पासूनच्या मालिकेत मला सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर सम्राटांची ती क्लोन-परंपरा. एकच माणूस तीन वयांत, डॉन, डे आणि डस्क, शतकानुशतकं गादीवर. पुस्तकात याचा मागमूस नाही. पण साम्राज्य गोठलंय, ते बदलूच शकत नाही, हा असिमोव्हचा मुद्दा यातून जितका थेट पोचतो तितका पुस्तकातल्या चर्चेतूनही पोचत नाही. ली पेसने तर कमाल केलीय. इथे विचाराची जागा आवाजाने घेतलेली नाही, एका नव्या कल्पनेने घेतलीय. त्यामुळे तुमच्या वाटांमध्ये आणखी एक घाला.

——

प्रतिसाद: मंद्रसप्तक

@अवकाशवेडी, घातली. क्लोन-सम्राट मलाही मालिकेतला सर्वोत्तम भाग वाटतो. पण एक बघा, त्या तिघांचे प्रसंग सोडून मालिका टर्मिनसवर, म्हणजे फाउंडेशनची वसाहत असलेल्या ग्रहावर, गेली की पकड सुटते. कथेतल्या हॅरी सेल्डन या गणितज्ञाचं मनोइतिहासशास्त्र म्हणजे कोट्यवधी माणसांच्या गर्दीचं गणित. त्यात एकेकटा माणूस मोजला जात नाही. मालिकेत मात्र दर वेळी कुणीतरी एक निवडलेली व्यक्ती धावून येते आणि सगळं वाचवते. गर्दी ऐकूच येत नाही. बेअर मॅक्रीरीचं संगीत देखणं आहे, पण तेही त्या एकट्या नायिकेच्या मागे धावतं. माझी तक्रार तिथे आहे.

——

प्रतिसाद: जुना रेडिओ

लेख उत्तम. मला मात्र वाटतं, तुम्ही पडद्यात अडकून पडलात. आवाजाचाच विचार करायचा तर रेडिओ हे विज्ञानकथेचं खरं माहेर.

ऑर्सन वेल्सने ३० ऑक्टोबर १९३८ रोजी वेल्सची (एच. जी.) 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' रेडिओवर सादर केली. कादंबरी इंग्लंडमध्ये घडते, यांनी ती न्यू जर्सीत आणली आणि नाचगाण्याचा कार्यक्रम मध्येच तोडून बातम्या दिल्या. लोक रस्त्यावर आले वगैरे गोष्टी पुढे बऱ्याच फुगवल्या गेल्या, त्या बाजूला ठेवा. खरी करामत पुढेच आहे. वार्ताहर घटनास्थळावरून बोलतोय, गर्दीचा आरडाओरडा आहे आणि आवाज एकदम तुटतो. त्यानंतर नुसती शांतता. मंगळावरच्या यंत्राचं वर्णन वेल्सने पानभर केलंय, इथे त्या शांततेने काम भागवलं. वेल्सचीच कथा १९७८ मध्ये जेफ वेनने दोन तबकड्यांवर संगीतबद्ध केली. रिचर्ड बर्टनचं निवेदन आणि मंगळवासीयांची ती 'उल्ला' अशी आरोळी ज्यांनी ऐकली असेल त्यांनाच कळेल. सिनेमे बरेच झाले, मला एकही तितका भिडला नाही.

१९७८ मध्येच बीबीसी रेडिओवर 'हिचहायकर्स गाइड' सुरू झालं. आधी रेडिओ, मग १९७९ मध्ये पुस्तक, मग दूरदर्शन मालिका, आणि थेट २००५ मध्ये सिनेमा. म्हणजे डग्लस ॲडम्सचं ते पुस्तक हेच मुळात माध्यमांतर! सिनेमा फिका पडला याचं कारण मला हेच दिसतं. कानांसाठी घडवलेला विनोद चित्रात दाखवायला गेले.

आपल्याकडे आकाशवाणीवरची नभोनाट्यं ऐकत माझी पिढी वाढली. दार करकरलं की घर उभं राहायचं. ती सवय असलेल्या माणसाला तुमचं म्हणणं लगेच पटतं.

——

प्रतिसाद: फोली

मी ध्वनी-मिश्रणाच्या क्षेत्रात आहे, म्हणून दोन गोष्टी.

एक, 'ड्यून'च्या वाळूचा आवाज. या लोकांनी डेथ व्हॅलीत जाऊन वाळूत हायड्रोफोन पुरले. हायड्रोफोन म्हणजे पाण्याखाली वापरायचा माइक. आपण वाळूवर चाललो की कानाला जे ऐकू येतं ते हवेतून येतं. महाकाय किड्याला जे ऐकू येईल ते वाळूच्या आतून. माइक आत पुरला की आपला कान त्या किड्याच्या जागी जातो. कादंबरीत फ्रेमेन, म्हणजे त्या वाळवंटातले रहिवासी, ताल मोडून चालतात, कारण लयीत पडलेलं पाऊल किड्याला कळतं. आता ही माहिती संवादातून सांगणं आणि ती वाळूच्या आतून ऐकवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अशा कामासाठी जो वेळ लागतो तो निर्मात्याने द्यावा लागतो. मी एका मालिकेवर काम केलं तिथे अख्ख्या भागाच्या आवाजासाठी जेमतेम एक रात्र मिळायची. दारं, पावलं, पाऊस, सगळं तयार साठ्यातून उचलायचं. असं काम करताना जीव तुटतो.

दोन, हे सगळं घरी टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर ऐकणाऱ्यांचं काय? सिनेमागृहासाठी केलेलं मिश्रण घरी तसंच लावलं की संवाद पुटपुटल्यासारखे आणि धडामधुडूम मात्र शेजाऱ्यांपर्यंत. लोक वैतागून सबटायटल लावतात, मग डोळे खालच्या ओळीवर आणि कान बंद. म्हणून माझी कळकळीची विनंती: निदान बरे हेडफोन वापरा. तार्कोव्हस्कीच्या 'स्टॉकर'मधला रुळांवरच्या ट्रॉलीचा प्रसंग असा हेडफोनवर ऐका. तिघं झोनकडे, म्हणजे जायला बंदी असलेल्या एका गूढ प्रदेशाकडे, निघालेत, चाकांची खटखट चालू आहे. मिनिटभराने लक्षात येतं की खटखटीला घुमारा आलाय. मग ती धातूची राहतच नाही, इलेक्ट्रॉनिक होऊन जाते. कुठल्या क्षणी बदलली ते सांगता येत नाही. आणि मग चित्र रंगीत होतं. स्ट्रुगाट्स्की बंधूंच्या कादंबरीत झोनमधल्या चमत्कारिक वस्तूंची रेलचेल आहे, तार्कोव्हस्कीने त्यांतलं जवळजवळ काहीच दाखवलं नाही. हद्द ओलांडली हे फक्त ऐकवलं.

——

प्रतिसाद: तानपुरा

फोली, अगदी मनातलं बोललात. त्या ट्रॉलीच्या प्रसंगाचा संगीतकार एदुआर्द आर्तेम्येव. 'स्टॉकर'च्या शीर्षकसंगीतात एक स्वर खाली अखंड धरलेला आहे आणि वर बासरी हिंडते. मला त्यात तानपुराच ऐकू येतो (नाव घेतलंय म्हणून नाही, रोज रियाज करणाऱ्या कुणालाही येईल). स्टानिस्वाव लेमच्या कादंबरीवरून तार्कोव्हस्कीने काढलेल्या 'सोलारिस'मध्ये याच आर्तेम्येवने एएनएस नावाचं रशियन सिंथेसायझर वापरलं, काचेवर रेघा कोरून प्रकाशाने स्वर काढायचं यंत्र. त्या ग्रहाच्या महासागराला तो आवाज, आणि पृथ्वीच्या आठवणीला बाखची ऑर्गनवरची रचना. दोन आवाजांत अख्खी कादंबरी मांडून ठेवलीय.

'ब्लेड रनर'चं कुणीच काढलं नाही? व्हँगेलिस लंडनच्या आपल्या स्टुडिओत प्रसंगांच्या व्हिडिओ टेप लावायचा आणि समोर बघत वाजवायचा. त्याचं मुख्य वाद्य यामाहा सीएस-८०. त्यावर एक लांबट पट्टी असते, तिच्यावरून बोट सरकवलं की स्वर एकावरून दुसऱ्यावर घसरत जातो. म्हणजे चक्क मींड! पियानोला मींड घेता येत नाही, या यंत्राला येते. आता कादंबरी बघा, फिलिप के. डिकची, १९६८ ची. तिचा सगळा प्रश्न हाच की यंत्राला सहानुभूती वाटू शकते का. तो प्रश्न डिकने कृत्रिम मेंढ्या, भावना जुळवायचं यंत्र, मर्सरचा पंथ अशा कितीतरी गोष्टींतून विणला. सिनेमाने त्या जवळजवळ सगळ्या सोडल्या. पण यंत्राच्या गळ्यातून निघालेली ती मींड ऐकली की तोच प्रश्न समोर उभा राहतो. १९८२ च्या प्रदर्शित प्रतीत निवेदन होतं, १९९२ च्या आवृत्तीत काढलं, आणि ते गेल्यावर सिनेमा किती बोलका झाला हे सगळ्यांनी पाहिलंच आहे. मूळ लेखाला यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

अवांतर: 'ड्यून'मध्ये लोआर कॉटलर या गायिकेचा जो फाटलेला, किंचाळल्यासारखा गळा आहे, तिच्या गायकीवर कर्नाटक संगीतातल्या कोन्नकोलचाही संस्कार आहे. तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची आपल्याकडची पढंत ऐकलेल्यांना तिचे तुटक उच्चार ओळखीचे वाटतील.

——

प्रतिसाद: ओळीबरहुकूम

सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं, पण मी ठाम विरोधात आहे. चांगलं संगीत पटकथेतल्या भोकांवर पांघरूण घालतं. 'अरायव्हल'चंच घेऊ. मूळ कथेत मुलगी पंचविशीत गिर्यारोहणाच्या अपघातात जाते. सिनेमात ती लहान वयात आजाराने जाते. तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? सगळाच पडतो. आजार टाळता येत नाही. अपघात टाळता येतो, फक्त त्या दिवशी जाऊ नको म्हणायचं. आणि लुईसला आधीपासून माहीत आहे, तरी ती म्हणत नाही. चँगने संकल्पस्वातंत्र्याचा प्रश्न या एका निवडीत ठेवला होता. त्याच्या जोडीला प्रकाशकिरणाचं फर्माचं तत्त्व, की किरणाला आपण कुठे पोचणार हे जणू निघतानाच माहीत असतं. सिनेमात ते जवळजवळ नाहीच. रिक्टरचं संगीत ऐकून सगळे रडले, आणि प्रश्न हरवला तो हरवलाच.

'सोलारिस'बद्दल खुद्द लेमची तक्रार होती की तार्कोव्हस्कीने 'सोलारिस' काढलाच नाही, 'गुन्हा आणि शिक्षा' काढला. मी लेमच्या बाजूने आहे. महासागर आपल्याला कळू शकत नाही हे लेमचं म्हणणं. सिनेमात तो माणसाच्या अपराधीपणाचा आरसा होऊन बसतो.

आणि लिउ त्सिशिनच्या कादंबरीवरच्या दोन 'थ्री-बॉडी' मालिका. चिनी मालिका २०२३ ची, तीस भागांची. संथ आहे, मान्य. पण शास्त्रज्ञ वांग मियाओचा हळूहळू ढासळत जाणारा विश्वास, प्रयोगशाळा, पोलीस अधिकारी शी चियांगचं ते रांगडं शहाणपण, सगळं जागच्या जागी. नेटफ्लिक्सने २०२४ मध्ये आठ भागांत उरकलं आणि एका माणसाचे पाच मित्र करून लंडनला नेले. भौतिकशास्त्र कोसळतंय ही भीती मैत्रीच्या गोष्टीत विरघळून गेली.

——

प्रतिसाद: मंद्रसप्तक

@ओळीबरहुकूम, धाग्याला असा प्रतिसाद हवाच होता. एकेक घेतो.

अपघात आणि आजाराबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते माझ्या वाचनात आलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा नेमकं आहे. तो बदल मलाही सलतो. पण प्रश्न हरवला हे मान्य नाही. सिनेमात शेवटी लुईस इयनला विचारते, सगळं आयुष्य आधीच दिसलं तर तू काही बदलशील का? आणि त्याच क्षणी खाली ते संगीत चालू आहे, जे आपण आधी मरणाचं संगीत म्हणून ऐकलेलं. आता ते मिठीवर वाजतंय. ती हो म्हणते आहे हे तिथे ऐकू येतं. चँगच्या कथेत प्रश्न जास्त धारदार आहे, सिनेमात तो जास्त जवळचा आहे. मला दोन्ही हवेत.

'थ्री-बॉडी'त मात्र तुम्ही एक बाजू सोडलीत. नेटफ्लिक्सची मालिका उघडते १९६६ च्या त्या सभेत, जिथे भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला रेड गार्ड (माओचे तरुण समर्थक) जमावासमोर मारहाण करतात आणि त्याची मुलगी खालून बघते. ये वेनजी पुढे सगळ्या मानवजातीच्या विरोधात जो निर्णय घेते त्याचं मूळ त्या गर्दीच्या घोषणांत आहे. चिनी मालिकेत हा हिंसाचार फारच पुसट केला गेला. बाकी सगळं ओळीबरहुकूम असून कथेचं कारणच दबलं, तर त्याला इमानदारी म्हणता येईल का? या बाबतीत कादंबरीशी जास्त प्रामाणिक आठ भागांचीच मालिका राहिली.

लेमबद्दल वाद नाही. लेखकाला तक्रारीचा हक्क आहे. पण एएनएसचा तो आवाज ऐकताना मला महासागर कळत नाहीच, आणि लेमला तरी दुसरं काय हवं होतं?

——

प्रतिसाद: अवकाशवेडी

आता मराठीकडे येऊ या का? आपल्याकडे विज्ञानकथा कमी नाहीत. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला तेव्हापासून मुलं हे वाचतायत. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' पहिली आली, आणि नारायण विनायक जगताप या नावाने ती जयंत नारळीकरांनी पाठवली होती हे नंतर उघड झालं. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. त्यांच्या कथांना पडद्यावर आणि रेडिओवर त्यांच्या तोलाचं काम मिळायला हवं, असं मला तेव्हापासून सारखं वाटतंय. मंद्रसप्तक, तुमच्या पट्टीने मोजायचं तर त्यांची कुठली कथा घ्याल?

——

प्रतिसाद: मंद्रसप्तक

क्षणाचाही विचार न करता, गंगाधरपंतांचं पानिपत.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पुण्यात एका ट्रकच्या धडकेनंतर अशा जगात पोचतात जिथे पानिपतावर मराठे जिंकलेत. फरक कशाने पडला? तिथल्या बखरीत लिहिलंय की गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून गेली. तीळभर इकडेतिकडे झाली असती तर प्राण गेला असता. आपल्या इतिहासात ती लागली. दोन जगांमधलं अंतर म्हणजे कानाजवळून गेलेल्या एका गोळीचा आवाज! याहून जास्त आवाजाची विज्ञानकथा कुठली असणार? ती गोळी सुरुवातीला एकदा नुसती ऐकवावी, काय आहे ते न सांगता. पुढे पंत टाऊन हॉलच्या ग्रंथालयात बखर वाचतात तेव्हा ती परत यावी, आणि त्या वेळी ऐकणाऱ्याला कळावं.

——

प्रतिसाद: जुना रेडिओ

वा! आणि हे नभोनाट्यच व्हावं. पंत जिजामाता एक्सप्रेसने मुंबईला निघतात, बोगदा ओलांडला की सरहद्द नावाचं स्टेशन, तिथे परवाने तपासायला गणवेशातला माणूस येतो, कारण पुढे इंग्रजांचा मुलूख. सिनेमात हे दाखवायला डबे रंगवा, झेंडे लावा, व्हीटी उभारा, केवढा खर्च. रेडिओवर बोगद्याचा घुमारा संपतो आणि फलाटावरची घोषणा वेगळ्या धाटणीच्या इंग्रजीत येते. एवढ्यात राज्य बदललं.

——

प्रतिसाद: फोली

बोगदा ही तर देणगीच आहे. बोगद्यात शिरताना गाडीचा आवाज आपल्या ओळखीचा ठेवायचा, बाहेर पडताना रुळांची लय किंचित बदललेली. ऐकणाऱ्याला काहीतरी निराळं वाटेल पण बोट ठेवता येणार नाही. आझाद मैदानाचा प्रसंगही आवाजाचाच आहे. सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसली म्हणून पंत जाऊन बसतात आणि बोलायला लागतात. त्या जगात अध्यक्षीय भाषणं केव्हाच बंद झालीत, त्यामुळे गर्दी खवळते, टोमॅटो आणि अंडी येतात. कुजबूज, मग हसू, मग ओरडा, असा चढ हवा. त्यासाठी खरी माणसं लागतील, साठ्यातली गर्दी चालणार नाही. वीसेक जण आणि एक मोकळं पटांगण मिळालं तर मी फुकट ध्वनिमुद्रण करून देतो, हे मनापासून लिहितोय.

——

प्रतिसाद: ओळीबरहुकूम

मी येतो गर्दीत. आधी प्रकाशक आणि नारळीकर कुटुंबीयांकडून रीतसर परवानगी घ्या, त्याशिवाय एक वाक्यही ध्वनिमुद्रित करू नका. आणि माझी अट एकच: शेवटी राजेंद्र देशपांडे पंतांना पुंजभौतिकी समजावून सांगतो तो संवाद पूर्ण ठेवायचा. तिथे संगीत नको, दोन माणसांचं बोलणं स्पष्ट ऐकू येऊ द्या.